तापीपलीकडचे मांडे

सहलीस जाऊन आलेल्या मनुष्यानें तेथील देवळें, किल्ले व शिलालेख यांविषयीं लिहावें आणि तेथें काय खाल्लें तें घरच्या मंडळींपुरतें ठेवावें, असा आपल्याकडील सुशिक्षितांचा एक शिरस्ता आहे. आम्हींही तो बरींच वर्षें पाळला. अमरावतीस अध्यापन आणि अकोल्यास सासुरवाड, यामुळें सुटी लागली कीं अकोल्यास जावें व तेथून मंडळींसह बऱ्हाणपुरास एक फेरी करून यावें, हा आमच्या घरचा परिपाठच होऊन बसला होता. परत आल्यावर आम्ही असीरगडावर बोलत असूं आणि मंडळी जिलेबीवर बोलत. असीरगडाविषयीं आम्ही काय बोललों तें आज घरांत कोणास आठवत नाहीं. जिलेबीची आठवण मात्र अद्याप निघते. तेवढ्यावरूनच आम्ही कांहीं शिकावयास पाहिजे होतें. परंतु अध्यापकास शिकण्यास वेळ लागतो, आणि आम्हांस तर बऱ्हाणपूरच्या एका भटाऱ्याच्या चुलीपुढें उभें राहीपर्यंत तो लागला.

प्रथम वाटेविषयीं दोन शब्द. अकोल्याहून निघालें म्हणजे बाळापूर लागतें. तेथें मन नदीच्या कांठीं मिर्झा राजा जयसिंगाच्या नांवाची छत्री आहे. आणि हा जयसिंग १६६७ सालीं वारला तो बऱ्हाणपुरास, म्हणून त्याच्या नांवाची दुसरी छत्री तिकडे तापीच्या कांठीं आहे. एका मनुष्याच्या नांवें वाटेच्या या टोंकास एक व त्या टोंकास एक अशा दोन छत्र्या असाव्या, एवढ्यावरूनच ही वाट किती वाहती होती हें दिसून येईल. पुढें खामगांव, नांदुरा, मलकापूर अशीं कपाशीचीं गांवें मागें टाकीत मुक्ताईनगर येतें, तों कपाशी सरते आणि केळीच्या बागा सुरू होतात. अमरावती व अकोला या दोन्ही जिल्ह्यांचें पाणी घेऊन निघालेली आमची पूर्णा तेथून जवळच, चांगदेवाच्या देवळाशीं, तापीस मिळते. मग उत्तरेस वळून इच्छापूर. येथें महाराष्ट्र संपून मध्यप्रदेश लागतो. पण तो लागला हें दुकानांवरच्या पाट्या वाचल्यावांचून समजत नाहीं. चहावाला मराठींतच पैसे मागतो आणि सुटे नसल्याबद्दल मराठींतच कुरकुरतो.

ही सीमा किती जुनी, असें आमचे विद्यार्थी विचारतात. तिचें खरें उत्तर असें कीं ती अनेक वेळां जन्मली आणि अनेक वेळां मेली. वऱ्हाड अकबराच्या ताब्यांत आलें १५९६ सालीं, आणि असीरगड पडून खानदेश त्याच्या हातीं गेला १६०१ सालीं. दोन्ही निराळे सुभे झाले. १८०३ सालीं अडगांवची लढाई होऊन गाविलगड पडला, आणि त्यानंतर झालेल्या देवगांवच्या तहानें वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांकडून निजामाकडे गेला, तेव्हां बऱ्हाणपुरावर शिंद्यांचा अंमल होता. १८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारांत आलें; १८६० च्या सुमारास बऱ्हाणपूरही शिंद्यांकडून त्यांच्याकडे जाऊन निमाड जिल्ह्यांत सामील झालें; आणि १९०३ पासून दोघांचा कारभार एकाच नागपुराहून चालूं लागला. म्हणजे आमच्या आजोबांच्या काळीं बऱ्हाणपुरास जाणारा वऱ्हाडी मनुष्य प्रांत ओलांडीतच नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं रेघ पुन्हां उमटली, वऱ्हाड इकडे आलें आणि बऱ्हाणपूर तिकडे राहिलें. ती उमटविणाऱ्यांस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. कोठें तरी ती ओढावी लागणारच होती. मात्र तिच्यामुळें एक गोष्ट घडली, ती अशी कीं वऱ्हाडच्या शाळांतून बऱ्हाणपूर नाहींसें झालें. दक्खनच्या मोगली कारभाराचें जें एक काळीं केंद्र, त्यास आमचीं मुलें आज जिलेबीचें गांव म्हणून ओळखतात.

जिलेबीची योग्यता आम्ही कमी लेखीत नाहीं. खव्याची, तांबूस-काळी, बोटाएवढी जाड अशी ती असते, आणि मुंबईस महंमद अली रस्त्यावर रमजानच्या रात्रीं बऱ्हाणपूरच्याच नांवानें विकली जाते. रवा, साखर व तूप फेंसून केलेला दराबाही तेथलाच. तो तोंडांत टाकला म्हणजे बोलणें थांबतें, हा आमच्यासारख्या बोलक्या मंडळींबरोबर प्रवास करणारास मोठाच लाभ होय. पण या गोड पदार्थांपाशीं आम्ही फार वेळ थांबणार नाहीं. बऱ्हाणपूरच्या खाण्यापिण्यांत इतिहासाच्या दृष्टीनें दोनच वस्तूंस महत्त्व आहे : एक प्याला आणि दुसरा मांडा.

प्याल्याची कथा वऱ्हाडांतच सुरू होते. अकबराचा पुत्र शाहजादा मुराद यास बापानें दक्षिण जिंकण्यास पाठविलें. त्यानें बाळापूरजवळ शाहपूर नांवाचें गांव वसवून तेथें मुक्काम केला, सरदारांशीं भांडणें केलीं, आणि १५९९ सालीं, तिशीही न गांठतां, दारूच्या पायीं प्राण सोडला. त्याच्या मागून धाकटा भाऊ दानियाल आला. त्याच्या गौरवार्थ बापानें खानदेशचें नांव ‘दानदेश’ ठेविलें होतें, राजधानी बऱ्हाणपूर. दानियालची दारू सुटावी म्हणून त्याचा सासरा अब्दुल रहीम खानखानान यानें पहारे बसविले. हा रहीम म्हणजे ज्याचे दोहे हिंदी शिकणारीं मुलें आजही पाठ करतात तोच. बाबराचें आत्मचरित्र त्यानें फार्सींत आणलें होतें. परंतु कवीचे पहारे ते! शाहजाद्याची एक आवडती बंदूक होती, तिला त्यानेंच मोठ्या हौसेनें जनाज्याचा उल्लेख असलेलें नांव दिलें होतें. त्याच्या विनवण्यांस भुलून एका नोकरानें त्याच बंदुकीच्या नळींत कडक दारू भरून आणली. नळींतला गंज दारूंत उतरला, शाहजादा ती प्याला, आणि आडवा झाला तो उठलाच नाहीं. हें १६०५ सालीं घडलें. ही हकीकत लिहून ठेविली आहे ती जहांगीर बादशहानें, म्हणजे ज्यानें एके काळीं दिवसाकाठीं वीस वीस प्याले रिचविल्याचें आपल्याच आत्मचरित्रांत नमूद केलें आहे, त्या थोरल्या भावानें.

याच्यापुढें पाहावें तर तेंच. १६१५ च्या नोव्हेंबरांत इंग्रजांचा वकील सर टॉमस रो सुरतेहून बादशहाकडे जातांना बऱ्हाणपुरास थांबला. तेथें जहांगीराचा पुत्र परवीझ होता. रोनें इतर नजराण्यांबरोबर मद्याच्या बाटल्यांची एक पेटी दिली. शाहजाद्यानें खाजगी भेटीचें वचन दिलें, परंतु त्या पेटीचाच समाचार घेण्यांत तो असा गुंतला कीं ती भेट होऊंच शकली नाहीं. रोसारख्या चतुर मनुष्याचा स्वतःच्याच नजराण्यानें झालेला हा पराभव वाचून आम्हांस दर वेळीं हंसूं येतें. पण हंसण्यासारखें त्यांत फार नव्हतें. १६१९ सालीं रहीमचा कर्तबगार पुत्र शाहनवाजखान ऐन उमेदींत दारूनें गेला. त्याची देखणी कबर बऱ्हाणपूरजवळ उतावळी नदीवर आहे. १६२६ सालीं परवीझही त्याच वाटेनें गेला.

एवढीं माणसें एकाच रोगानें एकाच सीमेवर कां मरावीं? आमचे मत असें आहे कीं, दोष पाण्याचा नव्हे आणि हवेचाही नव्हे. बऱ्हाणपूर हें मोगलांच्या दृष्टीनें घर नव्हते, तळ होता. समोर मलिक अंबरासारखा न थकणारा शत्रु, मागें बापाचा संशय, भावांची स्पर्धा, आणि पावसाळ्याचे चार महिने कांहीं न करतां बसणें. घरापासून दूर, सीमेवर, हातीं पैसा आणि काम नाहीं, अशा स्थितींत मनुष्य जें करतो तें यांनीं केलें. शाहजहानला हें उमगलें असावें. दक्षिणेच्या दुसऱ्या स्वारीवर निघतांना त्यानें दारू सोडण्याची शपथ घेऊन आपलें मद्य चंबळेंत ओतविलें, आणि नंतरच तो बऱ्हाणपुरास आला. सीमेवर जाण्याआधीं मद्य नदींत सोडणारा हा एकच शाहजादा पुढें बादशहा झाला. प्याल्याऐवजीं त्याच्या हातीं तेथें निराळें दुःख आलें : १६३१ च्या जूनमध्यें मुमताजमहल याच गांवीं बाळंतपणांत वारली, आणि आग्र्यास नेईपर्यंत तिचा देह तापीच्या अलीकडच्या तीरावर, झैनाबादच्या बागेंत, सहा महिने होता.

त्याच बागेंत बावीस वर्षांनीं शाहजादा औरंगजेब फिरावयास गेला असतां आंब्याची फांदी ओढणारी हिराबाई त्याच्या दृष्टीस पडली आणि त्याची शुद्ध हरपली, असें फार्सी चरित्रकार सांगतात. पुढें तिनें त्याची परीक्षा पाहण्यासाठीं मद्याचा प्याला त्याच्यापुढें धरला. त्यानें पुष्कळ विनविलें, ती ऐकेना, तेव्हां तो प्याला ओठांशीं नेणार एवढ्यांत तिनेंच तो काढून घेतला. मुरादपासून परवीझपर्यंतची मालिका ज्यास ठाऊक आहे त्यास हा प्रसंग नुसता प्रेमाचा वाटणार नाहीं.

कोणी म्हणेल, हीं राजेलोकांचीं व्यसनें, यांत आपला काय संबंध? संबंध आहे. सीमा आणि प्याला यांचें सख्य आजचेंही आहे. अमेरिकेंत १९२० पासून १९३३ पर्यंत दारूबंदी होती, तेव्हां तिकडचे धनिक दक्षिणेची सरहद्द ओलांडून मेक्सिकोंतल्या तिहुआना गांवीं खाण्यापिण्याच्या मौजेसाठीं लोटत, आणि एक खेडें त्या लोंढ्यावर शहर झालें. इतक्या दूर कशास? महात्माजींचें वास्तव्य झालेल्या वर्धा जिल्ह्यांत १९७४ पासून दारूबंदी आहे, आणि वर्धा नदीचा पूल ओलांडला कीं आमचा अमरावती जिल्हा. संध्याकाळीं त्या पुलावरून इकडे येणारे सगळेच कौंडण्यपुरास रुक्मिणीच्या दर्शनासाठीं येतात असें मानणारा मनुष्य फार भाविक असला पाहिजे. आपण स्वतः कोणाचें तरी ‘पलीकडलें तीर’ आहों, ही गोष्ट बऱ्हाणपुरावर टीका करणाऱ्या अमरावतीकरांनीं ध्यानांत ठेवावी.

असो. आतां मांड्याकडे वळूं.

बऱ्हाणपूरचा मांडा ज्यांनीं पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं सांगावयाचें तर ती गव्हाच्या पिठाची, हातरुमालासारखी पातळ व परातीहून मोठी अशी पोळी होय. लाटणें नाहीं, पोळपाट नाहीं. चांगला तिंबलेला गोळा भटारी या हातावरून त्या हातावर टाकीत वाढवितो, तो कोंपरापर्यंत पसरतो, आणि मग उपड्या घातलेल्या तापल्या कढईवर क्षणभर अंथरून उचलतो. तेथील मुसलमान समाजाच्या लग्नकार्यांत मोठमोठ्या पंक्ती सामिष रश्श्याबरोबर हे मांडे खातात. आमच्यासारख्या शाकाहाऱ्यास ते वरणाबरोबरही गोड लागतात. हे मांडे कोठून आले असें तेथें विचारलें तर उत्तर ठरलेलें : शाहजहान बादशहाच्या फौजेस झटपट व पुष्कळ भाकरी लागे म्हणून हे निघाले. आम्हीं हें उत्तर ऐकलें, आम्हांस तें पटलें, आणि सांगावयास शरम वाटते, पण तें आम्हीं कित्येक वर्षें वर्गांत विद्यार्थ्यांस सांगितलें.

एका वर्षीं उन्हाळ्यांत आमच्या मातोश्री बरोबर होत्या. त्यांचें वय तेव्हां सत्तरीच्या पुढें. बाहेरचें अन्न त्यांस चालत नसे, आणि भटारखान्यांतलें तर बोलावयासच नको. आम्ही मंडळी जेवत असतां त्या बाहेर बांकावर बसल्या होत्या. थोड्या वेळानें पाहिलें तों त्या उठून चुलीपाशीं गेलेल्या, आणि भटाऱ्याचे हात पाहत उभ्या. आम्ही लगबगीनें जवळ गेलों व शाहजहानच्या फौजेची कथा त्यांस सांगूं लागलों. त्यांनीं ती पुरी होऊं दिली नाहीं. “आपलेच मांडे व्हत हे त, बापू,” त्या म्हणाल्या. “पुरन तेवढं घालाचं राह्यलं.”

आमच्या लहानपणीं घरीं मोठें कार्य निघालें म्हणजे मांडे होत, आणि ते करण्यांत मातोश्रींचा हात गांवांत नांवाजलेला होता. वस्त्रगाळ सपीठ भिजवून, तिंबून तिंबून तार येईपर्यंत मऊ करावयाचें, त्यांत पुरण भरून दोन्ही हातांच्या पाठींवर तोलीत वाढवावयाचें, आणि चुलीवर उपड्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकावयाचें. भटाऱ्याच्या कढईच्या जागीं खापर ठेवा आणि पुरण भरा, कीं तीच कृति. हें आमच्या डोळ्यांसमोर दोन्ही ठिकाणीं घडत होतें, आणि आम्हांस दिसत नव्हतें. कारण एक आमच्या आईच्या स्वयंपाकघरांत होतें व दुसरें इतिहासांत.

परतल्यावर आम्हीं पुस्तकें उघडलीं. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, ‘मंडक’ या पदार्थाची कृति दिलेली आहे : गहूं धुवून, वाळवून, दळून, चाळून घेतलेलें पीठ, हातानें वाढविलेला गोळा, आणि भाजण्यास खर्पर, म्हणजे आपलें खापर. शाहजहानच्या जन्मापूर्वीं साडेचारशें वर्षें! आणि संस्कृत ग्रंथ तरी कशास पाहिजे होता? विसोबानें कुंभारांस दटावून मुक्ताबाईस खापर मिळूं दिलें नाहीं, म्हणून तिनें ज्ञानेश्वरांच्या तापल्या पाठीवर मांडे भाजले, ही कथा वऱ्हाडांतलें प्रत्येक मूल ऐकतें. ती चमत्कार म्हणून सोडून दिली, तरी खापरावांचून मांडा होत नाहीं हें सांगणाऱ्यास व ऐकणाऱ्यास दोघांस ठाऊक होतें, एवढें तिच्यावरून ठरतेंच. आणि ज्या मुक्ताबाईची ही कथा, तिच्याच नांवाचें मुक्ताईनगर आम्ही दर खेपेस बऱ्हाणपूरच्या वाटेवर ओलांडीत होतों, गाडींतल्या मंडळींस शाहजहानची फौज समजावीत!

याचा अर्थ मांडा आमचा व त्यांनीं तो घेतला, अशी फिर्याद कोणीं करूं नये. बऱ्हाणपूर वसविलें फारुकी सुलतानांनीं, आणि त्यास नांव दिलें खुलदाबादेस चिरनिद्रा घेणाऱ्या शेख बुऱ्हाणुद्दीनांचें. म्हणजे गांवाचें नांवच दक्षिणेंतून गेलेलें आहे. त्याच फारुकींपैकीं आदिलशहानें सोळाव्या शतकाच्या अखेरीस जी जामा मशीद बांधिली, तिच्या भिंतीवर अरबीबरोबर संस्कृत लेखही कोरविला आहे. तो आजही वाचतां येतो. अशा गांवांत मांडा मराठी नांवानिशीं मुसलमान भटाऱ्याच्या हातीं गेला यांत नवल तें काय? नवल असेल तर हें कीं त्यानें तो टिकविला. आमच्या घरांतून मांडे गेले. मातोश्रींच्या सुनांस ते येत नाहींत, अकोल्याच्या बाजारांत तसें मोठें खापर मागितलें तर कुंभार हंसतो, आणि ‘मनांतले मांडे’ एवढीच काय ती आमची पुंजी उरली आहे. चारशें वर्षांपूर्वीं जे उत्तरेकडून आले त्यांचा प्याला त्यांच्याबरोबर कबरींत गेला; येथल्या चुलीवर जें त्यांस मिळालें, तें मात्र तेथल्या चुलीवर आजही तापत आहे.

त्या दिवशीं निघतांना मातोश्रींनीं भटाऱ्याकडून चार मांडे फडक्यांत बांधून घेतले. “पोराईसाठीं,” असें म्हणाल्या. पोरांनीं तीन संपविले. रात्रीं अकोल्यास निजानीज झाल्यावर आम्ही पाणी पिण्यास उठलों, तों स्वयंपाकघरांत दिवा. मातोश्री पाटावर बसून उरलेला मांडा आमरसांत बुडवून खात होत्या. आम्हांस पाहून त्या कांहीं बोलल्या नाहींत, आणि आम्हींही विचारलें नाहीं.

त्यांस जाऊन आतां आठ वर्षें झालीं. मागच्या सुटींत पुन्हां त्या भटाऱ्याकडे गेलों होतों. चुलीपुढें त्याचा मुलगा होता. आमच्या कन्येनें त्याच्यापुढें हात केला, व त्यानें हंसत हंसत एक गोळा तिच्या हातावर ठेविला. तो कोंपरापर्यंत जाण्याआधींच फाटला. त्यानें तो परत पिठांत मिसळला, दुसरा गोळा काढला, आणि तिला अंगठ्या काढून ठेवावयास सांगितलें.